आरमाराचे गुडघे

किन्हीराजा गावाला पाण्याचा अनुभव बेताचाच. गावचा नाला पावसाळ्यात अंगावर येतो आणि होळीनंतर शोधायला गेलं तर सापडत नाही. विहिरींना पाणी असतं, पण ते बैलांच्या मानेच्या हिशेबानं, मोट मोट करून घ्यावं लागतं. समुद्र पाहिलेला माणूस पंचक्रोशीत नव्हता. अशा गावापुढं १९४३ सालच्या चैत्रात सरकारनं आरमारासाठी हात पसरला.

सरकारचं म्हणणं साधं होतं. आजवर जहाजं विलायतेत बांधायची आणि इथं फार तर त्यांची डागडुजी करायची, असा रिवाज होता. मग लढाई पेटली. समुद्रात सुरुंग पेरले गेले, विलायतेच्या गोद्यांना त्यांचंच काम आवरेना. तेव्हा सरकारच्या ध्यानात आलं की या देशात लाकूड आहे, सुतारही आहेत, आणि दोन्ही बऱ्याच काळापासून इथंच आहेत. धोरण ठरलं की आरमाराच्या लहान नौका आता इथल्याच गोद्यांत, इथल्याच मालानं बांधायच्या. दिल्लीत ठरलेलं धोरण नागपूरला येतं, तिथून अकोल्याला, अकोल्याहून वाशीमच्या तहशिलीत, आणि शेवटी कोतवालाच्या बगलेत घामेजून चावडीवर. एवढा उतार उतरताना धोरणाचं बरंच काही सांडतं. किन्हीराजाच्या वाट्याला आलं ते इतकंच: बाभळीचे चाळीस नग, वैशाखी पौर्णिमेच्या आत, कारंज्याच्या स्टेशनावर.

जानराव पाटलांनी कागद मोठ्यानं वाचला. मधल्या एका ओळीवर ते अडले, ती मनातल्या मनात वाचली, खाकरले, आणि पुढच्या ओळीवर गेले. त्या ओळीत लिहिलं होतं की लाकूड अंगचंच वाकडं असावं. पाटलांना ती कारकुनाची डुलकी वाटली. सरकारनं वाकडं लाकूड मागावं हे सरकारला शोभत नव्हतं, आणि सरकारचं हसं आपल्या चावडीवर होऊ द्यायचं नाही, ही पाटीलकीची जुनी जबाबदारी होती. त्यांनी ती चोख पार पाडली.

पुढची चूक शालिकराम सुताराची, पण तीही सभ्यपणाचीच. आपल्याकडं वाकड्या लाकडाला दोनच जागा, एक नांगर आणि दुसरी चूल. मानाच्या माणसाच्या दारात वाकडं लाकूड नेत नाहीत. मांडवाची पहिली मेढ जरा कलती निघाली तर सोयरे वर्षभर ऐकवतात. इथं तर गिऱ्हाईक सरकार. गायरानातल्या बारा बाभळी पडल्या. शालिकरामानं वासल्यानं त्यांचे सगळे वाक, सगळी कोपरं उतरवली, उरलेलं सुतासारखं सरळ केलं, वर रंधाही मारला. ढलपे आणि वाकडे तुकडे मागच्या अंगणात जळणाला टाकले. बारा नग गाडीत भरताना तो दोनदा मागं सरकून त्यांच्याकडं पाहत होता, मुलगी सासरी धाडताना पाहतात तसा.

ते बाराही नग सहाव्या दिवशी परत आले.

कारंज्याचा ठेकेदार लखीराम त्यांच्याबरोबर आला. तालुक्यातली बाभूळ स्टेशनावर पोचवण्याचा ठेका त्याच्याकडं होता. स्टेशनावर मुंबईच्या गोदीचा एक मिस्त्री माल तपासायला बसला आहे, त्यानं सगळा माल नापास केला, एवढं लखीरामला ठाऊक होतं. का केला, हे त्यानं विचारलं नव्हतं. ठेकेदारानं कारण विचारलं की त्याला कमी झाडं तोडावी लागतात. त्यानं सरळ अर्थ लावला की लाकूड बारीक पडलं, मोठी झाडं हवीत. आणि मोठी झाडं म्हटल्यावर त्याची नजर नाल्याच्या वळणावरच्या बाभळींच्या रांगेवर गेली.

ती रांग गोजराबाईची.

गोजराबाई आणि तिचे मालक नानाजी यांचा चार एकरांचा भाजीचा मळा होता. वांगी, कांदे, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि कडेला पपया. मोट नानाजी हाकत, बाजार गोजराबाई करी. नानाजी मुळात फार बोलत नसत. लग्नानंतर तेवढीही गरज उरली नाही. मळा अगदी नाल्याच्या वळणावर होता आणि त्याला धरून ठेवलं होतं त्या छत्तीस बाभळींनी. हे काही कुणी सांगायला नको होतं. पलीकडच्या मळ्यावरच्या बाभळी गोजराबाईच्या लग्नाच्या वर्षी धन्यानं तोडून विकल्या, आणि दुसऱ्याच श्रावणात नाल्यानं एका दुपारी त्याचा पाऊण एकर नेला, वांग्यांसकट. त्या जागी आता गोटे आहेत. गोजराबाई रोज ते गोटे बघत भाजी खुडत आली होती.

ती वांग्याच्या वाफ्यात असताना लखीरामनं एकेका झाडावर खडूची फुली मारायला सुरुवात केली. ती उठली नाही. छत्तिसावी फुली झाल्यावर म्हणाली, "झालं? आता माह्या कपाळावरही एक मार. मीही हितंच उभी राह्यतो."

लखीराम हसला. लढाईचा हुकूम आहे बाई, म्हणाला, झाडाचा दाम मिळेल. तोडणारी टोळी कामरगावला गुंतली आहे, दहा दिवसांनी येईल.

झाड गेलं तर नाला मळा नेईल, मग दाम नाल्याला द्यायचा का, असं तिनं विचारलं. लखीराम म्हणाला, ते सरकारच्या कागदात नाही. मग कागदात काय आहे, असं तिनं विचारलं, तर ते त्यालाही नीट सांगता येईना. चाळीस नग, एवढंच तो पुन्हा म्हणाला.

"कायचे नग? जहाजात बाभूळ कुठं लागते? तळाले, का काठाले?"

लखीरामला ते ठाऊक नव्हतं. गोजराबाईनं पदराला हात पुसले. इतकी वर्षं बाजार करून एक गोष्ट तिच्या मनात पक्की बसली होती, की गिऱ्हाइकाला भाजी कशासाठी हवी ते कळलं की मग टोपली आपल्या हातात. मधल्या दलालाला विचारण्यात अर्थ नसतो. दहा दिवस. कारंज्याची वाट बैलगाडीनं दीड दिवसाची. जायला दीड, यायला दीड, हाती सात. तिनं नानाजींना गाडी जुंपायला सांगितली, गाडीत कांदे भरले, कारण रिकामी गाडी नेणं तिच्या स्वभावात नव्हतं.

कारंज्याच्या स्टेशनामागं, छोट्या गाडीच्या रुळांना लागून, लाकडांचा ढीग होता आणि त्याच्यापुढं एका खोक्यावर मिस्त्री. पन्नाशीचा, कोकणातला, उन्हानं रापून निघालेला. त्याच्यापाशी पातळ फळ्यांचे कापलेले तीन आकार होते, त्यांना तो फर्मे म्हणत होता. येणारं प्रत्येक लाकूड तो फर्म्याला लावी, मान हलवी, आणि बाजूला सारी. सबंध सकाळभर त्यानं होकारार्थी मान हलवली नव्हती.

गोजराबाईनं आधी त्याला चार कांदे दिले, मग कुठली ते सांगितलं.

"किन्हीराजा?" मिस्त्री म्हणाला. "म्हणजे ते रंधा मारलेले बारा वासे तुमच्याकडचे? बाई, तीस वर्षांत इतकं सुंदर निरुपयोगी लाकूड मी पाहिलं नाही."

मग त्यानं तिला सगळं समजावलं, कारण आठ दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं. समुद्रातले सुरुंग लोखंड ओळखतात आणि फुटतात. म्हणून ते काढायला जाणारी नौका लाकडाची लागते. तिच्या फासळ्या उभ्या येतात, वरचं डेक आडवं येतं, आणि दोन्ही जिथं भेटतात तिथं आतून एक वाकडा तुकडा ठोकायचा. त्याला गोदीत गुडघा म्हणतात. गुडघा सरळ लाकडातून कापून चालत नाही. रेषा तुटली की पहिल्या लाटेला मोडतो. झाडानंच वाकून दिलेला हवा. बाभळीसारखा गुडघा दुसऱ्या लाकडाचा होत नाही.

बोलता बोलता तो स्वतःवर आला. त्याच्या पणज्याच्या काळी त्याच गोदीत मोठमोठी जहाजं बांधली जात, तोफांची सुद्धा. पुढं ते बंद पडलं. मिस्त्रीचा बाप आणि मिस्त्री दोघांचा जन्म दुसऱ्याच्या जहाजांना ठिगळं लावण्यात गेला. या वर्षी पहिल्यांदा त्यानं नव्या नौकेचा कणा मांडला होता. साहेबलोक म्हणत होते, तुमच्यानं होणार नाही, उगाच वेळ जाईल. "कणा झाला, फासळ्या झाल्या," तो म्हणाला. "आता माझी नौका गुडघ्यांवाचून उभी आहे. चाळीस हवेत. आणि लाकूड ओलं येतंय, तेही सरळ."

गोजराबाईनं मधला फर्मा उचलला. एका अंगानं जाड, कमरेत वळलेला, पुढं निमुळता. ती त्याच्याकडं बघत राहिली आणि एकाएकी तिला हसू आलं, तेही मोठ्यानं. नानाजींनीही फर्मा पाहिला, आणि मान डोलावली. दोघांना एकच गोष्ट दिसली होती.

"ईस वर्सं सुकेल चालन का?" तिनं विचारलं.

मिस्त्रीला ती थट्टा वाटली. वीस वर्षं सुकलेली वाकडी बाभूळ मिळाली तर मी तिच्यापुढं नारळ फोडीन, म्हणाला.

"मंग नारय घेऊन ये, भाऊ. आजपासून आठव्या दिवशी किन्हीराजाले. अन् हे फळी मी नेतो."

फर्मा सरकारी होता, देता येत नाही, असं मिस्त्री म्हणाला. ठेव म्हणून काही ठेवाल का? गोजराबाईनं इकडंतिकडं पाहिलं. कांदे विकले होते, बैल लागणार होते.

"आमचे मालक ठेवतो," ती म्हणाली. "खायले थोडं लागते, तरास काही नाई."

अशा रीतीनं नानाजी सरकारजमा झाले आणि गोजराबाई स्वतः बैल हाकत फर्मा घेऊन गावी आली.

तिला काय दिसलं होतं, ते वऱ्हाडातल्या कुणालाही दिसलं असतं. आपलं वर्षाचं काम वखरावर चालतं. मोठा नांगर निघतो तो पाच-सात वर्षांतून एकदा, रानात कुंदा गवत माजलं म्हणजे; सहा-आठ बैल जुंपून. त्या नांगराचं खोड म्हणजे एकसंध वाकडी बाभूळ. जुनी माणसं त्यासाठी बाभळीचं रोप लहान असतानाच त्याला दोरी बांधून दगड टांगत. बारा वर्षांनी झाडानं नांगराचा वाक घेतलेला असे. गोजराबाईचे सासरे चंपत माळी यात वाकबगार होते. पण वीसेक वर्षांपूर्वी लोखंडी नांगर आले आणि लाकडी नांगर निवृत्त झाले. निवृत्त नांगर जाळायचा नाही आणि विकायचाही नाही. ज्यानं घर खाऊ घातलं त्याला चुलीत घालणं पाप, आणि बाजारात बसवणं त्याहून वाईट. म्हणून घरोघरी गुरांच्या कोठ्यात, आढ्याला, एकेक नांगर टांगलेला होता. धूर, धूळ आणि पोळ्याच्या दिवशीचं कुंकू खात. वीस वर्षं सुकत.

गोजराबाई आधी शालिकरामकडं गेली. बारा नग परत आल्यापासून त्यानं वासल्याला हात लावला नव्हता. तिनं फर्मा त्याच्यापुढं ठेवला आणि मिस्त्रीनं सांगितलेलं सारं सांगितलं. शालिकराम ऐकत ऐकत मागच्या अंगणाकडं बघू लागला. तिथं त्याच्याच हातानं उतरवलेल्या गुडघ्यांचा ढीग जळणाला पडला होता, आणि त्याच्या बायकोनं त्यातला थोडा वापरलाही होता.

"वैनी," तो म्हणाला, "म्या जहाज चुलीत घातलं न वो."

"उरलं ते काढ. अन् उद्यापासून चुलीले गवऱ्या दे."

दुसऱ्या दिवशी तिनं आपल्या कोठ्यातला सासऱ्यांचा नांगर खाली उतरवला, धुतला, त्याला हळदकुंकू लावलं आणि चावडीपुढं आणून ठेवला. मग बोलली. आपण विकत नाही, जाळत नाही, हे खरं. पण टांगून ठेवलेला नांगर काय करतो? वाळवीची वाट बघतो. हा मुंबईला जाईल आणि समुद्रात पुन्हा कामाला लागेल. सरकारकडून दाम येईल तो कुणा एकाच्या हाती जाणार नाही, गावाच्या नावानं येईल, आणि गाड्या जिथं नाला ओलांडतात त्या उताराला दगडी फरशी बसेल. मग विकला असं कुणी म्हणेल का?

लोक आपसात बोलू लागले. कामाला जुंपणं म्हणजे विकणं नाही, हे पटण्यासारखं होतं. अडवलं ते गुलाबरावांनी. गुलाबराव खादी घालत. मागच्या भाद्रपदात वाशीमला आठ दिवस कोठडीत राहून आले होते, आणि गावात त्यांच्या शब्दाला त्यामुळं वजन आलं होतं. ते उभे राहिले आणि जे विचारायला हवं होतं तेच विचारलं.

"जहाज कोनाचं, गोजराबाई? इंग्रजाचं. त्याच्या आरमाराले आपल्या बापाचे नांगर कायले द्याचे?"

गोजराबाईनं उत्तर आधीच तयार ठेवलं नव्हतं, पण दीड दिवस बैलांच्या मागं बसून तिनं मिस्त्रीचा चेहरा आठवला होता.

"इंग्रज जाईन तवा जहाज घेऊन जाईन, मानलं," ती म्हणाली. "पन तो मिस्त्री कसा नेईन, गुलाबरावभाऊ? आजवर ह्याईनं आपल्या मानसाले ठिगयं लावाले ठेवलं. आता अडलं म्हून पुरं जहाज बांधू देऊन राह्यले. एकडाव हाताले आलं, ते काई वापस मागता येत नाई. शिकून घेऊ द्या त्याले. जहाजाचं मंग पाहू."

गुलाबरावांनी टोपीची घडी नीट केली. मग घरी गेले. लोकांना वाटलं रागावले. अर्ध्या घटकेनं ते आणि त्यांचा भाऊ खांद्यावर नांगर घेऊन आले.

मग काय, रीघ लागली. एक नांगर आला की शेजारच्याला आपला आठवे. गोजराबाई घरोघरी फिरली, प्रत्येक दारात थांबली, फक्त एका दारात थांबली नाही. जानराव पाटलांचा नांगर गावात सर्वांत मोठा होता, आठ बैलांचा, आणि पाटील तो देणार नाहीत हे तिला माहीत होतं. विचारलं असतं तर त्यांनी नाही म्हटलं असतं, आणि पाटलांनी एकदा नाही म्हटलं की पुढची दहा घरं नाही म्हणतात. म्हणून तिनं विचारलंच नाही. त्यांच्या दारावरून चारदा गेली, चारही वेळा राम राम केला, आणि नांगराचा न काढला नाही. सहाव्या दिवशी पाटलांना राहवेना. गावातल्या सगळ्यांचे नांगर जहाजावर जाणार आणि पाटलांचा कोठ्यात लोंबत राहणार, म्हणजे पाहुण्यारावळ्यांत काय सांगायचं? त्यांनी तिला हाक मारून विचारलं की आमच्या नांगरात काय खोट आहे.

खोट काही नाही, ती म्हणाली, पण तो फार भारी, मिस्त्रीला पेलवेल की नाही असं वाटलं.

संध्याकाळच्या आत तो नांगर चावडीपुढं आला. पाटलांनी त्याच्यासोबत तो कागदही आणला, आणि मधली ती ओळ पहिल्यांदाच मोठ्यानं वाचून दाखवली, जणू ती आत्ताच टपालानं आली होती. गोजराबाईनं ती मन लावून ऐकली आणि मान हलवली. एवढं पाटलांचं तिनं राखलं.

दहाव्या दिवशी दोघंही आले. सकाळी लखीराम कुऱ्हाडीवाल्यांची टोळी घेऊन आला आणि नाल्यावरच्या लिंबाखाली टोळी धार लावत बसली. दुपारी मिस्त्री आला, त्याच्यामागं नानाजी. नानाजींच्या हातात नारळ होता. आठ दिवसांत त्यांनी मिस्त्रीला लाकडं फिरवायला मदत केली होती, आणि मिस्त्री म्हणत होता की इतका शहाणा सोबती त्याला मिळाला नव्हता, मधे मधे बोलत नाही म्हणून.

चावडीपुढं चौतीस नांगर ओळीनं मांडलेले होते. मिस्त्री पहिल्यापाशी बसला. त्यावरून हात फिरवला, नखानं खरवडून पाहिलं, मग बोटाच्या पेरानं ठोकलं. लाकूड धातूसारखं वाजलं. नानाजींच्या हातातून नारळ घेतला आणि तिथंच फोडला.

मग मात्र तो कठोर झाला. नांगराला हाळीस, म्हणजे जुवाकडं जाणारा लांब दांडा, बसवायचं भोक असतं. ते भोक गुडघ्याच्या कमरेत आलं तर तो नग बाद, टोकाकडं आलं तर कापून टाकता येतं. शालिकराम फर्मा लावी, मिस्त्री बघे, आणि एकेक नग उजवीकडं किंवा डावीकडं जाई. ज्याचा नांगर डावीकडं जाई त्याचं तोंड बघण्यासारखं होई. लोक शेतीतल्या नुकसानीला इतके हळहळत नाहीत. पाटलांचा नांगर उजवीकडं गेला, आणि पाटलांनी कुणाकडं पाहिलं नाही, पण मिशीला हात गेला. सत्तावीस उजवीकडं, सात डावीकडं. शालिकरामच्या अंगणातले वाचलेले तुकडे आले, त्यांतले सहा लागले. तेहेतीस.

सात कमी.

लखीराम इतका वेळ पान खात उभा होता. आता पुढं झाला, आणि टोळीला हाक घालणार, एवढ्यात गोजराबाई मिस्त्रीला म्हणाली, "सात हायेत. चाल दाखवतो."

ती त्याला नाल्यावर घेऊन गेली. मागं सगळं गाव. छत्तीस बाभळींपैकी पाण्याच्या कडेच्या सत्तावीस कुणी वळवल्या नव्हत्या. त्या आपल्या मनानं उभ्या, सरळसोट वाढल्या होत्या. मागं मळ्याच्या अंगाला नऊ होत्या. त्यांना चंपत माळ्यानं दगड टांगून वळवलं होतं, आणि नांगराचा जमाना संपल्यावर त्या तशाच कमरेत वाकलेल्या राहिल्या होत्या. गावात त्यांना कुबड्या म्हणत. कारंज्याला फर्मा हातात घेतल्या क्षणी गोजराबाईनं नऊ मोजल्या होत्या. चाळिसात नऊ पुरणार नाहीत हेही तेव्हाच मोजलं होतं, आणि उरलेले आढ्यावरून काढायचे हेही.

"हे ओले हायेत," ती म्हणाली. "पन सावलीत सहा महिने राह्यले तं चालन का?"

सात गुडघे शेवटी, मागच्या बाजूला बसवतो, म्हणाला मिस्त्री, तोवर सुकतील. त्यानं नऊपैकी सात निवडले. गोजराबाईनं निवडू दिले, मात्र कोणते दोन ठेवायचे ते तिनं सांगितलं. मग मिस्त्री पाण्याकडच्या रांगेत शिरला. पहिल्या झाडावरची खडूची फुली पाहिली, वर शेंड्यापर्यंत पाहिलं.

"ह्या फुल्या कुणी मारल्या?"

लखीराम म्हणाला, लढाईच्या कामासाठी.

"ही सरळ झाडं माझ्या काय कामाची?" मिस्त्रीनं धोतराच्या सोग्यानं फुली पुसली. पुढची पुसली. अशा सत्तावीस पुसल्या. लखीराम बरंच काही सांगत मागं मागं चालला होता: कागद, ठेका, टोळीची मजुरी. मिस्त्री ऐकत होता आणि पुसत होता. शेवटी गोजराबाईनं विचारलं, तुम्ही गेल्यावर पुन्हा फुल्या आल्या तर? मिस्त्री तिथंच खाली बसला, आपल्या कागदावर लिहिलं, शिक्का मारला आणि पाटलांकडून वाचून घेतलं. या वेळी पाटलांनी एकही ओळ गाळली नाही. किन्हीराजा येथील नाल्यावरच्या सत्तावीस बाभळी तपासल्या; आरमाराच्या कामास पूर्णपणे निरुपयोगी; तोडू नयेत.

आपल्या मालाची इतकी बदनामी ऐकून इतकी खूश झालेली माळीण बाजारात कधी कुणी पाहिली नसेल. तो कागद गोजराबाईनं बियाण्याच्या डब्यात ठेवला.

त्या श्रावणात नाला नेहमीसारखाच आला. दोन दिवस वळणावर धडका दिल्या, बाभळींच्या मुळ्या धुतल्या, आणि पुढं गेला. वांग्याचा एक वाफासुद्धा गेला नाही. मार्गशीर्षात मिस्त्रीचं कार्ड आलं, की नौका पाण्यात उतरली, सगळे गुडघे जागेवर आहेत, एका गुडघ्यावर कुंकू अजून निघत नाही आणि आम्ही ते काढतही नाही. खाली लिहिलं होतं, सरकार दुसऱ्या नौकेचा विचार करत आहे, आणखी नग लागतील का ते कळवू.

कार्ड पाटलांनी वाचलं. गोजराबाई तेव्हा दोन कुबड्यांच्या बियांतून उगवलेल्या रोपांना दोरी बांधत होती. तिनं शालिकरामकडून फर्म्याची हुबेहूब दुसरी फळी कापून घेतली होती आणि ती जमिनीत रोवून तिच्या बरोबरीनं रोप वाकवत होती. पाटील म्हणाले, ही रोपं वळायला बारा वर्षं. तोवर लढाई संपेल, सरकार बदलेल, धोरणही बदलेल.

"जहाज पायजे असन त्यानं बारा वर्सं आधी सांगाव," ती म्हणाली. "नाई सांगतलं, म्हून मीच लावून ठेवतो. येईन कोनी तरी मागाले."

तिनं दोरीला दगड अडकवला आणि मागं सरकून पाहिलं. नानाजी मोटेवरून उतरून कधी मागं येऊन उभे राहिले होते ते तिला कळलं नाही. त्यांनी फळीकडं पाहिलं, रोपाकडं पाहिलं, आणि तोंड उघडलं.

"अजून एक दगड बांध," ते म्हणाले. "एवढ्या वाकाले मिस्त्री वापस धाडन."

गोजराबाईनं दुसरा दगड शोधायला घेतला.